झारी, पळी आणि विद्यापीठाची चांदी

ईट हे धाराशिव जिल्ह्याच्या भूम तालुक्यातले गाव. तेथल्या किंवा आसपासच्या कोणत्याही गावातल्या लग्नाला गेले, की करवलीच्या हातात पाण्याने भरलेला एक लहानसा तांब्या दिसतो. त्याला 'करा' म्हणतात. कऱ्यावरूनच करवली हा शब्द आला, असे सांगितले जाते. कन्यादानाच्या वेळी वधूची आई पाण्याची संततधार धरते आणि त्या धारेखाली दान पुरे होते. घरची ऐपत असेल तर झारी चांदीची असते, नसेल तर तांब्याची किंवा पितळेची. धातू कोणताही असला तरी विधीत उणेपणा येत नाही, कारण तेथे महत्त्व पाण्याला आहे. पाणी हातावरून खाली गेले, की दिलेल्या वस्तूवरचा आपला हक्क संपला. मराठीत आपण एखाद्या गोष्टीवर 'पाणी सोडतो' किंवा 'उदक सोडतो', ते याच विधीच्या स्मरणाने. जुन्या दानपत्रांतून 'धारापूर्वक', 'हस्तोदकपूर्वक' असे शब्द वारंवार येतात. राजाने भूमी दिली म्हणजे काय, तर झारीतून पाण्याची धार सोडून दिली.

संस्कृतात या पात्राला 'भृंगार' म्हणतात. दिगंबर जैन परंपरेतील अष्टमंगल द्रव्यांत झारी आहे. भूम तालुक्यातच असलेल्या कुंथलगिरीच्या सिद्धक्षेत्राला गेलेल्या वाचकांना ही परंपरा ठाऊक असेल. बळीराजा वामनाला भूमी देऊ लागला तेव्हा शुक्राचार्य झारीच्या तोटीत जाऊन बसले, ही कथा तर सर्वांनाच माहीत आहे. विद्यापीठाच्या कचेरीत महिनोन् महिने अडकलेली शिष्यवृत्ती सोडवताना प्राध्यापक मंडळी 'झारीतील शुक्राचार्य' हा वाक्प्रचार ज्या कळकळीने वापरतात, ती पाहता ही कथा अद्याप जिवंत आहे यात शंका नाही.

झारी, दान आणि विद्यापीठ या तीन गोष्टी आम्ही येथे एकत्र आणत आहोत, त्याला कारण आहे. जगातील अनेक जुन्या विद्यापीठांजवळ समारंभासाठी घडवलेली चांदीची पात्रे आहेत. ती कोणाच्या तरी देणगीची किंवा उपस्थितीची आठवण म्हणून घडवली गेली. त्यांच्यावर नावे कोरलेली असतात. वर्षातून एकदा किंवा नवा प्रमुख नेमला गेला म्हणजे ती पेटीबाहेर येतात, त्यांच्याकडे आदराने पाहिले जाते आणि ती पुन्हा पेटीत जातात. साहित्याच्या अभ्यासकाने अशा पात्राकडे कोरीव लेख म्हणून पाहावे, असे आम्हांस वाटते. कोणाचे नाव कोरले आहे, ते कोणत्या शब्दांत कोरले आहे आणि कोणाचे नाव कोरलेले नाही, हे प्रश्न कवितेला विचारता येतात तसेच पात्रालाही विचारता येतात.

उदाहरणादाखल अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजचे 'वेंटवर्थ पात्र' घेऊ. ही झारी नव्हे. कंगोरेदार काठाचा चांदीचा मोठा वाडगा आहे. अशा वाडग्यात थंड पाणी भरून काठाच्या खाचांतून पेले उलटे टांगून गार करीत. न्यू हॅम्पशर प्रांताचे गव्हर्नर जॉन वेंटवर्थ २८ ऑगस्ट १७७१ रोजी आपल्या स्नेह्यांसह या कॉलेजच्या पहिल्या पदवीदान समारंभाला हजर राहिले. त्या दिवशी पदवी घेणारे विद्यार्थी होते अवघे चार. प्रसंगाची आठवण म्हणून गव्हर्नर आणि त्यांच्या स्नेह्यांनी पात्र दिले. बोस्टनचे डॅनियल हेंचमन यांनी ते घडवले, नॅथॅनियल हर्ड यांनी त्यावर अक्षरे कोरली. ही भेट कॉलेजचे पहिले अध्यक्ष एलिझर व्हीलॉक यांना आणि त्यांच्यामागून त्या पदावर येणाऱ्या सर्वांना दिलेली आहे, असे त्यावरील लेख सांगतो. त्यामुळे नवा अध्यक्ष सूत्रे घेतो तेव्हा हे पात्र त्याच्या स्वाधीन करण्याची चाल पडली. पुढे चारच वर्षांत, १७७५ साली, क्रांतीच्या धामधुमीत राजनिष्ठ वेंटवर्थ यांना प्रांत सोडून पळावे लागले. राज्य गेले, गव्हर्नर गेला, पण चांदीवरचे नाव राहिले.

आता त्याच उन्हाळ्यातला दुसरा एक लेख पाहू. तो चांदीवर नाही, कागदावर आहे. सॅमसन ऑकम हे मोहिगन या मूळनिवासी जमातीचे विद्वान धर्मोपदेशक, व्हीलॉक यांचेच विद्यार्थी. मूळनिवासी मुलांसाठी शाळा चालवायची म्हणून व्हीलॉक यांनी त्यांना १७६५ च्या अखेरीस इंग्लंडला पाठवले. दोनएक वर्षांच्या मुक्कामात ऑकम यांनी तीनशेहून अधिक प्रवचने दिली आणि सुमारे १२,००० पौंड जमवले. त्या काळाच्या मानाने ही रक्कम प्रचंड होती. कॉलेज उभे राहिले ते या पैशावर. १७६९ च्या सनदेत मूळनिवासी जमातींच्या तरुणांचे शिक्षण हा हेतू नोंदलेलाही होता. प्रत्यक्षात कॉलेज गोऱ्या वसाहतवाल्यांच्या मुलांचे झाले. पदवीदानाच्या महिनाभर आधी, २४ जुलै १७७१ रोजी, ऑकम यांनी व्हीलॉक यांना पत्र लिहून आपली निराशा स्पष्ट कळवली. त्यात त्यांनी एक लॅटिन श्लेष केला आहे. विद्यापीठाला 'आल्मा मातेर', म्हणजे पोषण करणारी माता, म्हणण्याचा प्रघात आहे. तुमची ही संस्था 'आल्बा मातेर', म्हणजे गोरी माता, होऊ पाहत आहे, अशी भीती त्यांनी व्यक्त केली. एका अक्षराच्या फेराने एवढे सांगणारा श्लेष आम्हांस दुसरा चटकन आठवत नाही.

ती भीती खरी ठरली. कॉलेजच्या पहिल्या दोनशे वर्षांत तेथून पदवी घेतलेले मूळनिवासी विद्यार्थी वीसच्या आसपासच भरतात. १९७० मध्ये अध्यक्ष जॉन केमेनी यांनी मूळ वचन पाळण्याचे जाहीर केले, तेव्हा परिस्थिती पालटू लागली. २७ एप्रिल २०२२ रोजी कॉलेजने ऑकम यांची हस्तलिखिते मोहिगन जमातीला समारंभपूर्वक परत केली. पाहुणा म्हणून आलेल्या गव्हर्नरचे नाव चांदीवर कोरले गेले, आणि दारोदार फिरून पैसा आणणाऱ्या माणसाची आठवण अडीचशे वर्षे कागदपत्रांत पडून राहिली. पात्र खोटे बोलत नाही. ते फक्त एकाचेच बोलते.

येथे आपल्याकडच्या वाचकाला एक समाधान वाटण्याचा संभव आहे. तिकडे दाता आपले नाव धातूवर कोरून ठेवतो, आपल्याकडे मात्र पाणी सोडले की 'न मम' म्हणून दाता बाजूला होतो, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा. आपले ताम्रपट दात्याच्या पणजोबापासूनच्या पराक्रमांनी भरलेले असतात. पाणी वाहून जाते, प्रशस्ती राहते. तरीही आपल्या विद्यादानाच्या लेखांत एक वेगळी गोष्ट सापडते, आणि ती पाहण्यासाठी चाळीसगावजवळच्या पाटण येथे जावे लागते.

पाटणच्या देवालयातील शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. थोर गणिती भास्कराचार्य यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या दरबारी मुख्य ज्योतिषी होता. आपल्या आजोबांचा 'सिद्धांतशिरोमणी' आणि घराण्यातील इतरांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने मठ स्थापला. यादवांचा मांडलिक निकुंभवंशीय सोइदेव याने या मठाला दान दिले. ते श्रावणी पौर्णिमेला, चंद्रग्रहणाच्या पर्वावर दिले गेले. इसवी सनाच्या हिशेबाने तो ९ ऑगस्ट १२०७ हा दिवस येतो. एका ग्रंथकाराच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी काढलेली, दानावर चालणारी ही संस्था आजच्या भाषेत अध्यासन म्हणावी अशीच आहे. आणि ग्रहणाचे गणित शिकवणाऱ्या मठाला ग्रहणाच्याच मुहूर्तावर दान मिळावे, यात औचित्यही आहे.

या लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे. भास्कराचार्यांची पूर्वपीठिका, राजांची स्तुती, चांगदेवाची विद्वत्ता हे सारे त्या भाषेत आहे. शेवटी मात्र लेख मराठीवर येतो. मराठीच्या अभ्यासकांना हा भाग जुन्या गद्याचा नमुना म्हणून परिचित आहे. तेथे स्तुती नाही, हिशेब आहे. पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरच्या करातला वाटा मठाला द्यावा. तेलाच्या घाण्यांमागे पळी पळी तेल द्यावे. येथे जे मापायचे ते मठाच्या मापाने मापावे. दात्याची कीर्ती सांगताना संस्कृत, आणि कोणी किती द्यायचे हे सांगताना मराठी, अशी ही वाटणी आहे. ज्यांनी द्यायचे होते त्यांना कळणे आवश्यक होते, म्हणून मराठी आली. आपल्या भाषेचे एक प्राचीन गद्य अशा रीतीने शिक्षणसंस्थेच्या वर्गणीची पावती म्हणून आपल्यापर्यंत पोचले आहे.

सोइदेवाच्या झारीचे काय झाले, याचा विचार करण्याचे कारण नाही. तिचे काम त्या ग्रहणाच्या दिवशीच संपले. मठ चालला असेल तो दुसऱ्या दोन पात्रांवर. एक घाणेवाल्याची पळी, आणि दुसरे बाजारातले माप. रात्री दिव्याखाली 'सिद्धांतशिरोमणी' उघडणाऱ्या विद्यार्थ्याचा दिवा त्या पळीभर तेलावर जळत असेल. या दोन पात्रांवर कोणी नाव कोरले नाही. पण पाटणच्या लेखाने त्यांचा उल्लेख तरी केला, आणि हे त्याचे मोठेपण आहे. वेंटवर्थच्या पात्राला तेवढेही साधलेले नाही.

याहून अडीचशे वर्षे जुना असा एक लेख आपल्या भागाला अधिक जवळचा आहे. सोलापूरच्या सीमेपलीकडे, विजापूर जिल्ह्यातील साळोटगी येथे इ. स. ९४५ मध्ये, राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या अमदानीत, त्याचा मंत्री नारायण याने मोठे विद्यालय स्थापले. दूरदूरच्या प्रदेशांतून विद्यार्थी येत. त्यांच्या निवासासाठी २७ घरे होती. जमिनी तर दिल्या होत्याच, शिवाय गावच्या गृहस्थांनी लग्नामागे ५, मुंजीमागे अडीच आणि जावळामागे दीड नाणे विद्यालयाला द्यावे, असा नियम होता. म्हणजे घरोघरच्या मांगल्यातून एक धार विद्यालयाकडे वळवलेली होती. ईटच्या मांडवातला करा पाहताना आम्हांस साळोटगीचा हा नियम आठवतो, तो यामुळे.

आता यातला बोचणारा प्रश्न. पाटणला पळीभर तेल देणाऱ्याचा मुलगा त्या मठात शिकू शकत होता काय? साळोटगीचे आणि पाटणचे विद्यार्थी कोणत्या वर्णाचे होते हे त्या काळाची व्यवस्था जाणणाऱ्याला सांगावयास नको. तेल सर्वांचे, ज्योत काहींची. ऑकम यांची तक्रार आणि पाटणच्या घाणेवाल्याची न केलेली तक्रार यांत तत्त्वतः फरक नाही. फरक एवढाच, की ऑकम यांना लिहिता येत होते.

आपल्याकडे ही तक्रार पुढे लिहिली गेली. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे जे निवेदन सादर केले त्याचा गाभा हाच आहे. सरकारचा महसूल मुख्यतः रयतेच्या श्रमातून येतो, आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या पदरी पडतो, हे त्यांनी आयोगाला रोखठोक सांगितले. मुंबई विद्यापीठाच्या स्थापनेला तेव्हा पंचवीस वर्षे झाली होती; आपल्या रूढ शब्दात सांगायचे तर ते रौप्यमहोत्सवी वर्ष होते. त्या वर्षी विद्यापीठाला मिळालेला सर्वांत मोलाचा लेख हे निवेदन होय, असे आम्ही म्हणू.

मराठवाड्यात हा प्रश्न आणखी वेगळ्या वळणाने आला. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. उच्च शिक्षणाचे माध्यम म्हणून देशी भाषा स्वीकारणारा तो मोठा प्रयोग होता आणि त्याचे श्रेय नाकारता येत नाही. पण ती भाषा उर्दू होती. संस्थानातली बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलत होती. विद्यापीठाला नाव होते मीर उस्मान अली खान यांचे, आणि धाराशिवचेही त्यांच्याच नावाने उस्मानाबाद झाले होते. १९३७ साली साजऱ्या झालेल्या त्यांच्या कारकिर्दीच्या रौप्यमहोत्सवातील भेटवस्तू आज हैदराबादच्या पुरानी हवेलीतील निजाम संग्रहालयात आहेत. शहरातील प्रसिद्ध इमारतींच्या चांदीच्या प्रतिकृती त्यांत आहेत. त्या चांदीमागे जो सरकारी खजिना होता त्यात भूम, परंड्याच्या शेतसाऱ्याचाही भाग होता. प्रतिकृतींवर त्याचा मागमूस नाही. पुढल्याच वर्षी, १९३८ मध्ये, वंदे मातरम् म्हणण्याच्या हक्कासाठी उस्मानियाचे विद्यार्थी उठले. शेकडोंना काढून टाकण्यात आले, आणि नागपूर विद्यापीठाने त्यांतील अनेकांना आपल्याकडे प्रवेश दिला.

स्वातंत्र्यानंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९५० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे औरंगाबादेत महाविद्यालय काढले. पुढे ते मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झाले. ज्यांच्या पूर्वजांना तेल घालूनही ज्योतीजवळ बसता आले नव्हते, आणि ज्यांच्या तेलाचाही विटाळ मानला गेला, त्यांची मुले तेथे पदवीपर्यंत पोचली. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी विद्यापीठाला आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला, आणि त्यानंतर मराठवाड्याच्या खेड्यांत दलित वस्त्यांवर जे हल्ले झाले ते आपल्या प्रदेशाच्या इतिहासातले लाजिरवाणे पान आहे. पोचीराम कांबळे यांना ठार मारण्यात आले. १९९३ साली नांदेडला गौतम वाघमारे यांनी नामांतरासाठी आत्मदहन केले. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' हे नाव अमलात आले.

नावात काय आहे, असे म्हणणाऱ्याने ही सोळा वर्षे आठवावीत. चांदीच्या पात्रावर कोणाचे नाव कोरावे हा प्रश्न दिवाणखान्यातला वाटतो. तोच प्रश्न विद्यापीठाच्या कमानीवर आला, की त्यासाठी माणसे मारली जातात आणि मरतात. कारण कोरलेले नाव कृतज्ञतेइतकीच मालकीही सांगते. या विद्यापीठाच्या नावात एक व्यक्ती आहे आणि एक प्रदेश आहे. तडजोड म्हणून झालेली ही जोडणी आम्हांस अर्थपूर्ण वाटते. ज्याने ज्योत सर्वांसाठी मागितली तो, आणि जिने पळी पळी तेल घातले ती भूमी, अशी दोन्ही नावे एका ओळीत येणे दुर्मिळ आहे. वेंटवर्थच्या पात्रावर ऑकम यांचे आणि मोहिगन लोकांचे नाव कोरले गेले असते, तर ते असे दिसले असते.

समारंभाची पात्रे वितळवून टाकावीत, असे आमचे म्हणणे नाही. संस्थेला स्मृती लागते आणि स्मृतीला धरायला काही तरी वस्तू लागते. रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहातल्या मुलांच्या पोटासाठी कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही मोडले. ते सोने आज कोणत्याही संग्रहालयात दाखवता येणार नाही, ते मुलांच्या अंगी लागले. पण ही गोष्ट सांगितली जाते, आणि सांगितली जाते म्हणून टिकली आहे. न उरलेल्या वस्तूंची नोंद ठेवणे हे भाषेचे काम आहे. पाटणच्या शिळेवर मराठी नेमके तेच करीत होती.

धाराशिवला आज याच विद्यापीठाचा उपपरिसर आहे. ईटहून निघालेली मुलगी तेथे मराठीत एम. ए. करीत असेल, तर पाटणचा शिलालेख तिच्या अभ्यासात कधी ना कधी येईलच. तो शिकवताना आपण बहुधा विभक्तिप्रत्यय दाखवतो, क्रियापदांची रूपे दाखवतो आणि पुढे जातो. एखाद्या तासाला थोडे थांबून ती पळी कोणाच्या घरची होती, हे विचारावयास हरकत नाही.